तिच्या बाजूचं घड्याळ

आमच्या रिसेप्शनवरची मुलगी केसपेपरवर तक्रारीच्या रकान्यात 'कंबर' लिहून पेशंटला आत पाठवते. मी तो कागद लगेच वाचत नाही. आधी ती बाई खुर्चीत बसते कशी, ते बघते. बाळंत होऊन तीन-चार महिने झालेली बाई डाव्या कुल्ल्यावर भार देऊन, उजवी मांडी किंचित अधांतरी ठेवून खुर्चीच्या कडेला टेकली, की मला निम्मं कळतं. उरलेलं ती उठताना कळतं. कंबरदुखीची माणसं कमरेवर हात ठेवून उठतात. ही दोन्ही तळहात खुर्चीच्या दांड्यांवर रोवते, श्वास रोखते, बूड आधी वर उचलते आणि मग सरळ होते.

मग मी विचारते, "खालून टाके पडले होते का गं?"

"हो, पण ते बरे झालेत ना आता. डॉक्टर म्हणाले, छान भरलेत."

ते खरंच भरलेले असतात. तपासलं तर कातडीवर एक पांढुरकी रेघ, तीही शोधावी लागते. डॉक्टर खोटं बोललेले नसतात. 'जखम भरली' हे डॉक्टरांचं म्हणणं आणि 'मला बसता येत नाही' हे तिचं म्हणणं, दोन्ही एकाच वेळी खरी असतात. या दोन म्हणण्यांच्या मधे जे काही उरतं, ते माझं काम. साताऱ्यात पंधरा वर्षं मी ते करते आहे. फिजिओथेरपिस्ट म्हटलं की लोकांना मान, गुडघा आणि पक्षाघात आठवतो. त्यामुळे माझ्याकडे येणाऱ्या बायकांनाही 'कंबर' हेच तिकीट काढून यावं लागतं.

योनीमार्ग आणि शौचाची जागा यांच्या मधला तो भाग दोन बोटं रुंद असेल-नसेल. डॉक्टर त्याला पेरिनियम म्हणतात. आपल्या रोजच्या बोलण्यात त्याला नावच नाही. बायका 'खाली' म्हणतात, 'जागा' म्हणतात, 'अंग' म्हणतात, आणि पुष्कळदा काहीच न म्हणता मान खाली घालून हात नुसता हलवतात. पहिलटकरणीचं मूल बाहेर येताना हा भाग फाटू शकतो, नाहीतर डॉक्टर तो कात्रीने तिरका कापतात. आपल्याकडे तो छेद बहुधा बाईच्या उजव्या अंगाला जातो. म्हणून त्या डावीकडे भार देऊन बसतात. छेदात कातडी, योनीमार्गाचं अस्तर आणि त्यामागचे स्नायू असे तिन्ही थर कापले जातात. ज्याला सगळे 'छोटासा कट' म्हणतात, तो दुसऱ्या श्रेणीच्या फाटण्याइतका खोल असतो. हा छेद सरसकट देऊ नये, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१८ साली स्पष्ट सांगितलं. कधीकधी तो द्यावाच लागतो आणि त्याने बाळ वाचतं, हेही तितकंच खरं. मी त्या भांडणात पडत नाही. माझ्यापर्यंत बाई येते तेव्हा कात्री कधीच बाजूला ठेवलेली असते.

बायकांना मी झोळीचं उदाहरण देते. पुढच्या जांघेच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी बांधलेली असते. मूत्राशय, गर्भाशयाची पिशवी, शौचाचं आतडं हे सगळं तिच्यात झुलतं. झोळीच्या कापडाला एका बाजूला गाठ मारली, तर बाळ सरळ निजेल का? झोळी तिरकी लोंबते, दोऱ्या ताणतात, आढ्याचा खिळाही कुरकुरतो. इथं खिळा म्हणजे कंबर. त्यामुळे रिसेप्शनवरची नोंद अगदीच चुकीची नसते.

टाके विरघळतात काही आठवड्यांत. कातडी दोन-तीन आठवड्यांत मिटते. पण आतली दुरुस्ती वर्षभर, कधी त्याहून जास्त, चालू राहते. शरीर आधी घाईनं भर घालतं, जसं पाऊस तोंडावर आल्यावर छप्पर शाकारावं, काड्या जातील तशा. मग सवडीनं त्या काड्या काढून नीट लावायला घेतं. हा नव्यानं लावलेला पेंढा कुठल्या दिशेनं बसणार, हे त्यावर ताण कुठून पडतो यावर बरंचसं ठरतं. ज्या जागेला कुणी हातच लावत नाही, जी बाई दिवसभर आवळून धरते, तिथे थर एकमेकांना चिकटतात. व्रण कितीही चांगला भरला तरी मूळ कातडीच्या साधारण ८० टक्केच मजबुती त्याला येते. उरलेल्या २० टक्क्यांचं काही करता येत नाही. पण त्याचा चिवट दोर व्हायचा की मऊ पट्टी, यात थोडा हात घालता येतो.

हे सगळं मला २००८ सालीही पाठ होतं. तेव्हा मी पुण्यात होते आणि माझे पेशंट गुडघ्याची सांधेबदल शस्त्रक्रिया झालेले. रोज सकाळी मी कुणा आजोबांना सांगायची, "व्रणावर तेल लावून हलक्या हातानं चोळायचं, बरं का. नाहीतर कातडी खाली चिकटून बसेल आणि गुडघा वाकायचा नाही." भाजलेल्या मुलींच्या मानेवरचे व्रण मी तासन्‌तास सैल केले होते. त्याच वर्षी मला मुलगी झाली. टाके पडले. सहा आठवड्यांनी एका दवाखान्यात तपासणी झाली, दीड मिनिटाची. "छान भरलंय" असं मलाही सांगितलं गेलं आणि मी केसपेपर घडी करून पर्समध्ये ठेवला.

पुढचे अकरा महिने मी तिथे हात लावला नाही. अंघोळीत पाणी सोडायचं, पंचा टेकवायचा, झालं. स्कूटर सोडली, बसने जायला लागले. नवऱ्याजवळ जायची वेळ आली की मुलीला उगाच उठवून पाजायला घ्यायची. व्रणावर हात फिरवणं हा जिचा धंदा, तिला स्वतःच्या व्रणाचा विचार सुचू नये, यावर आजही माझा विश्वास बसत नाही. सुचलं ते एका दुपारी, एका पेशंटच्या गुडघ्यावर अंगठा फिरवताना. त्या बाई म्हणाल्या, "हे मी घरी स्वतः केलं तर चालेल का?" मी म्हटलं, "चालेल काय, केलंच पाहिजे." आणि अंगठा तिथंच थांबला.

त्या रात्री मी पहिल्यांदा हात लावला. उजव्या बाजूला आत चिंचोक्याएवढी एक कडक जागा होती. दुखण्यापेक्षा मला तिचं अनोळखीपण जास्त लागलं. माझ्याच अंगावर अकरा महिने कुणीतरी भाडेकरू राहून गेला होता आणि मला पत्ता नव्हता.

साताऱ्याला आल्यावर मी हे काम सुरू केलं, ते नवशिक्याच्या उत्साहात. पहिल्याच वर्षी एका मुलीच्या हातात मी पहिल्या भेटीतच आरसा दिला. पुस्तकात तसं लिहिलेलं असतं: आधी बघा, ओळख करून घ्या. तिनं आरसा घेतला, क्षणभर खाली धरला आणि भिंतीकडे तोंड फिरवून रडायला लागली. पुन्हा आली नाही. तिला मी जे दाखवायला निघाले होते, त्यासाठी तिच्याकडे अजून शब्दही नव्हता, आणि मी थेट चित्र समोर धरलं. तेव्हापासून क्रम बदलला. आधी नाव. मग कागदावर पेन्सिलीनं आकृती. मग साडीवरून, गाऊनवरून नुसता तळहात ठेवून चार श्वास. मग उघड्या कातडीवर. आरसा शेवटी, तोही तिनं मागितला तर. बऱ्याच जणी मागतच नाहीत आणि त्यांचं काहीही अडत नाही.

दुसरी चूक जास्त शहाणपणाची होती, म्हणून जास्त दिवस चालली. १९४८ साली अर्नोल्ड केगल या अमेरिकन डॉक्टरांनी ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंचा व्यायाम मांडला, आणि तेव्हापासून बाळंतपणानंतरच्या प्रत्येक तक्रारीवर 'केगल करा' हे उत्तर तयार असतं. मीही तेच द्यायची. शिंकताना लघवी सुटते? केगल. अंग जड वाटतं? केगल. संबंधाच्या वेळी दुखतं? तरी केगल. एक शिक्षिका महिनाभर इमानेइतबारे करत होत्या आणि दर आठवड्याला जास्त दुखतंय म्हणत होत्या. तपासलं तेव्हा कळलं, त्यांचे स्नायू ढिले नव्हतेच. भीतीनं मुठीसारखे आवळलेले होते. मिटलेल्या मुठीला मी आणखी मिटायला सांगत होते. आधी सोडायला शिकवायचं, मग आवळायला. त्या बाईंची मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "अहो, मुलांनाही आम्ही आधी बेरीजच शिकवतो. वजाबाकी अवघड असते."

आमच्या गल्लीच्या टोकाला एक मावशी राहतात. बाळंतिणींना न्हाऊ घालण्याचं त्यांचं चाळीसेक वर्षांचं काम. बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालतात, आईला डोक्यापासून टाचेपर्यंत चोळतात, शेगडीत ओवा आणि बाळंतशेपा टाकून धुरी देतात. मी एकदा मुद्दाम त्यांच्याकडे जाऊन बसले. विचारलं, "टाक्यांच्या जागेचं काय करता, मावशी?"

"काही नाही. टाक्यांच्या बाईला मी पोटाखाली हात लावत नाही. ती डॉक्टरची जागा."

त्यांचं बरोबर होतं. ताज्या जखमेला कुणीही हात लावू नये, धुरीचा जाळही तिथं लागू देऊ नये. पण मग त्या म्हणाल्या, "आमच्या सासूबाई सुईणपण करायच्या. डोकं दिसायला लागलं की कोमट पाण्याचं फडकं खालून धरून बसायच्या. मऊ राहतं म्हणायच्या." गंमत अशी की बाळ बाहेर येताना तिथं कोमट घडी धरली तर मोठं फाटणं कमी होतं, असं आताच्या चाचण्याही सांगतात. चरकसंहितेच्या शारीरस्थानात तर नवव्या महिन्यात तेलात भिजवलेला कापसाचा बोळा योनीमार्गात ठेवायला सांगितलाय, वाट स्निग्ध व्हावी म्हणून. गरोदरपणी, साधारण पस्तिसाव्या आठवड्यापासून, या भागाला आतून तेल लावून ताण दिला तर पहिलटकरणीला टाके पडण्याची शक्यता थोडी कमी होते, याला चांगला आधार आहे. बाळंतपणानंतरच्या व्रणाच्या मालिशीला मात्र तसा भक्कम अभ्यासाचा पाया नाही. मी ते पेशंटला सांगते. शरीराच्या इतर व्रणांवर जे काम करतं आणि माझ्या टेबलावर जे दिसतं, त्या जोरावर मी ते शिकवते.

मावशींकडून परतताना मनात हिशेब सुरू झाला. सव्वा महिन्यानं मावशींचं न्हाऊ घालणं थांबतं. सहा आठवड्यांनी डॉक्टरांची शेवटची तपासणी होते. डिंकाचे लाडू संपतात. मग बाळाला घेऊन मुलगी सासरी जाते, वाकून झाडते, भाकरी थापायला बसते. आणि व्रणाला हात लावायला योग्य वेळ सुरू होते, ती नेमकी तेव्हा! परंपरा आणि दवाखाना दोघंही एकाच आठवड्यात हात झटकून मोकळे होतात. त्या दिवसापासून ती जागा कुणाचीच नसते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातली ९४.७ टक्के बाळंतपणं दवाखान्यात झालेली दिसतात. मोठी कमाई आहे ती, माता वाचल्या तिच्यामुळे. पण दवाखान्यातून सुट्टी मिळणं म्हणजे दुखणं संपणं नव्हे. डॉ. राणी बंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या दोन गावांतल्या ६५० बायकांना तपासून १९८९ साली जो अभ्यास छापला, त्यात ९२ टक्के बायकांना कुठलातरी स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी झालेल्या अवघ्या ८ टक्के. तो जंतुसंसर्गाचा, पाळीच्या दुखण्यांचा अभ्यास होता, टाक्यांचा नव्हे. पण ते आकडे वाचताना मला माझ्या क्लिनिकमधलं बाकडं दिसतं. सहन करणं हेच जिथं औषध, तिथं तक्रारीच्या रकान्यात कंबरच येणार.

आता ती घटना, जिनं माझं काम बदललं. २०२० चा मार्च. कोरेगावची एक मुलगी, ब्लाऊज शिवणारी. बाळ पाच महिन्यांचं. मशीनवर बसता येत नाही म्हणून आली होती. मी तपासलं, व्रणाच्या मधोमध ताणलेल्या सुतळीसारखा पट्टा लागत होता. पुढच्या आठवड्यात शिकवायचं ठरलं, तेवढ्यात टाळेबंदी झाली. क्लिनिक बंद. तिला मात्र बचत गटाकडून मास्क शिवायचं काम आलं. फोन आला, "मॅडम, काहीतरी सांगा. उशी घेतली, टायर घेतला, दहा मिनिटांच्या वर बसवत नाही."

फोनवर मी सगळं सांगितलं. नखं काप. हात धू. घाण्याचं खोबरेल घे, वासाचं तेल नको, बाम तर नकोच. गर्भ राहू नये म्हणून निरोध वापरत असाल, तर संबंधाच्या आधी तेल पूर्ण धुऊन टाक, तेलानं रबर फाटतं. अंघोळीनंतर, अंग शेकलेलं असताना कर. आडवं पडायला दाराला कडी असलेली खोली नव्हती तिच्याकडे. मग न्हाणीतच, पाठ भिंतीला टेकून, एक पाय उपड्या बादलीवर. पहिला आठवडा फक्त बाहेरून: रेघेवर बोट ठेवून कातडी खालच्या थरावरून सरकवायची, वर-खाली, डावी-उजवीकडे, मग चिमूटभर गोल. नुसतं तेल पुसायचं नाही, कातडी बोटाबरोबर हलली पाहिजे. दुसऱ्या आठवड्यापासून अंगठा आत, पहिल्या पेरापर्यंत. दाब मागे, शौचाच्या जागेच्या दिशेला. पुढे लघवीच्या जागेकडे अजिबात नाही. "दाब किती?" तिनं विचारलं. मी म्हटलं, आंबा पाडाला लागलाय का बघताना देतो तेवढा. ताण कसा वाटायला हवा? अंगठा गालाच्या आत घालून ओठाचा कोपरा बाजूला ओढ. ती जी चुणचुण होते, तेवढीच. तिथं धरून ठेव, चहा फुंकल्यासारखा श्वास सोड, अर्धा-एक मिनिटात चुणचुण ओसरते. ओसरली नाही तर दाब जास्त आहे. सगळं मिळून पाच मिनिटं, आठवड्यातून तीन-चार वेळा. रक्त आलं, घाण वास आला, ताप आला, की थांबायचं आणि डॉक्टरकडे.

आणि शेवटी म्हटलं, "आता घड्याळ डोळ्यासमोर आण. लघवीची जागा म्हणजे बारा, शौचाची जागा म्हणजे सहा. तुझी सुतळी सातवर आहे. तिथं जास्त वेळ दे."

तीन आठवडे ती प्रामाणिकपणे करत राहिली. दर रविवारी फोन. "फरक नाही, मॅडम. तुम्ही म्हणता ती सुतळी मला सापडतच नाही. सगळं मऊ लागतंय." मी म्हटलं, थोडा दाब वाढव. पुढच्या रविवारी ती म्हणाली की आता चांगली बाजूसुद्धा दुखायला लागली. 'चांगली बाजू' हा शब्द माझ्या कानावरून गेला आणि मी पकडला नाही.

बुधवारी दुपारी तिचाच फोन आला. आवाजात हसू होतं.

"मॅडम, तुमचे सात म्हणजे माझे पाच."

"म्हणजे?"

"तुम्ही समोर बसून बघता ना मला? समोर उभ्या गिऱ्हाइकाचं डावं ते आपलं उजवं. आम्हाला शिलाईच्या क्लासात पहिल्या दिवशी शिकवतात. आज एका बाईचं माप घेत होते तेव्हा डोक्यात लख्ख पडलं. मी उजवीकडे बोट लावलं, आणि अगं बाई, सुतळी!"

मी खुर्चीत बसून राहिले. इतकी वर्षं मी ते घड्याळ वापरत होते. सगळे डॉक्टर वापरतात. टेबलाच्या पायथ्याशी बसून, पायांच्या मधून बघणाऱ्या माणसाच्या डोळ्यांसाठी ते केलेलं आहे. ज्या बाईच्या अंगावर ते काटे आहेत, तिच्या बाजूनं ते कुणी कधी वाचलंच नव्हतं. माझ्याच अंगावरची ती गाठ कुठे होती असं कुणी विचारलं असतं, तर तेव्हा मीही 'सातवर' असंच सांगितलं असतं. स्वतःच्या शरीराकडेसुद्धा मी टेबलाच्या पायथ्याशी बसून बघत होते.

त्या मुलीनं पुढे मला आणखी एक गोष्ट दिली. मी थर, चिकटणं, ताण वगैरे समजावत होते; ती म्हणाली, "कळलं. टीप आवळली की कापडाला चुण्या पडतात. दोष कापडाचा नसतो. आणि नवी टीप मारली की शिवण उलगडून अंगठ्यानं दाबत न्यायची असते, नाहीतर ती जागा फुगीर राहते. तेच ना हे?" तेच होतं. इतकं नेमकं मला इतक्या वर्षांत सांगता आलं नव्हतं. जूनमध्ये ती सलग तासभर मशीनवर बसायला लागली. पूर्ण बरी झाली असं मी म्हणणार नाही. थंडीत ती जागा अजून ओढते, म्हणते.

तेव्हापासून माझ्या केसपेपरवर घड्याळ पेशंटच्या बाजूनं काढलेलं असतं. सात खोडून 'तिचे ५' असं लिहायला मी सुरुवात केली. एका स्त्रीरोगतज्ज्ञांकडे असा कागद गेला, तर त्यांनी फोन करून विचारलं, हे काय नवीन? मी सांगितलं. त्या जरा थांबून म्हणाल्या, "खरंच की." आता त्या सहाव्या आठवड्याच्या तपासणीत बाईचा हात धरून एकदा तिचं बोट त्या रेघेवर टेकवतात. तेवढ्यानंही माझं निम्मं काम होतं.

काही गोष्टी मालिशीनं होत नाहीत, त्याही सांगायला हव्यात. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीचं फाटणं, ज्यात शौचाच्या जागेचा स्नायू फाटतो, तिथे डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय हात घालायचा नाही. वारा किंवा शौच आवरत नसेल तर ती मालिशीची केस नव्हे. हात लावताच रक्त येणारा लालभडक कोंब व्रणावर दिसला, तर तो डॉक्टरच काढतात. आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला संबंधाच्या वेळी जी कोरड जाणवते, तिचं सगळं पाप टाक्यांच्या माथी मारू नये. त्या दिवसांत इस्ट्रोजेनच कमी असतं. एकीचा नवरा बाहेर बाकावर बसून होता. तिनं त्याला आत बोलावलं आणि मला म्हणाली, हेच यांना सांगा. सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटायचं हिचं मनच राहिलं नाही." दोघंही आपापल्या चपलांकडे बघत होते.

मी पूर्वी हे सगळं माझ्या हातानं करायची. आठवड्यातून दोनदा बाई यायची, मी व्रण सैल करायची, तिला बरं वाटायचं, ती बसचं भाडं मोजत परत जायची आणि चार दिवसांत पुन्हा तेच. माझा हात कुशल होता, पण तो तिचा नव्हता. त्याला चुणचुण कळत नव्हती. ती त्याला विचारावी लागत होती. तिच्या अंगठ्याला आणि तिच्या व्रणाला एकमेकांकडून जी बातमी एकदम मिळते, ती मला दुसऱ्या हातानंच मिळते. आता मी एकदा दाखवते, दोनदा बघते आणि ग्लोव्हज काढून ठेवते.

गेल्या पावसाळ्यात आमच्याच गल्लीतली एक मुलगी आली. बाळ सात आठवड्यांचं. केसपेपरवर 'कंबर' नव्हतं. तिनं रिसेप्शनवर काय सांगितलं देव जाणे. तिथल्या मुलीनं 'टाके' लिहिलं होतं, जरा बारीक अक्षरात. मी विचारलं, कुणी पाठवलं?

"मावशींनी. शेवटच्या दिवशी न्हाऊ घालून झालं, बाळाला गुंडाळलं, आणि कोनाड्यात वाटी ठेवली, तळाशी थोडंसं खोबरेल. म्हणाल्या, हे बाळाचं नाही, तुझं. मी म्हटलं, लावा की मग. तर म्हणाल्या, तिथं माझा हात चालत नाही, तुझाच लागतो. मॅडमकडून शिकून ये. आणि दार ओढून घेऊन गेल्या."

"मग? लावलंस?"

"नाही. वाटी तशीच आहे." ती खुर्चीत डावीकडे कलून बसली होती. "आधी विचारून घ्यावं म्हटलं. सुरुवात कुठून करायची?"

मी कागद ओढला, गोल काढला आणि पेन्सिल तिच्या हातात दिली.